नावं घालायचं मशीन

माझं माहेर जत तालुक्यात, पार पूर्वेला, कर्नाटकाच्या हद्दीजवळ. तिकडं पाऊस म्हणजे लांबचा पाहुणा, येतो येतो म्हणतो आणि शेजारच्या गावातनंच माघारी फिरतो. आमी मेंढरावाली माणसं. दिवाळी सरली की आबा, म्हणजे माझे वडील, मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला उतरायचे, लोकांच्या रानात मेंढरं बसवायचे, आणि पाऊस लागला की घराकडं वळायचे. मला चुलतीकडं ठेवलं होतं म्हणून चौथी तरी झाली. पुढची शाळा लांब, वाटंत ओढा, मग मीबी मेंढरांमागं लागले. शिक्षण माझं एवढंच हाय ताई, ते आधीच सांगून ठेवते, न्हाईतर कॉम्प्युटरचं बोलायला लागले की माणसं इचारतात, बाई कितवी शिकलीस.

पण अक्षर माझं चांगलं होतं. आता मेंढरात अक्षराचं काय काम, तर सांगते. चार घरांची मेंढरं एका रानात चरायची, संध्याकाळी आपलं कुठलं आणि दुसऱ्याचं कुठलं ह्यावरनं भांडणं. म्हणून पाठीवर रंगाची खूण करायची. बाकीचे नुसता टिपका द्यायचे, मी अक्षर काढायची. मेंढरू काय थांबत न्हाई तुमच्यासाठी. काडी रंगात बुडवली की हात न उचलता, एका दमात अक्षर पुरं करायचं, न्हाईतर अर्धं अक्षर पाठीवर आणि अर्धं हवेत. आबा म्हणायचे, हौसाची मेंढरं लिहिलेली असतात. हौसा म्हणजे मी.

लगीन होऊन तासगावात आले. आमचे हे बेदाण्याच्या शेडवर कामाला, मीबी तिथंच बेदाणा निवडायला बसायची. बायका हात चालवत बोलायच्या, गाणी म्हणायच्या, एकमेकीची टर उडवायच्या. मी गप. माझं तोंड म्हणजे शिवलेलं पोतं. कोण म्हणायचं गर्विष्ठ हाय, कोण म्हणायचं मुकी हाय. गर्विष्ठबी नव्हते आणि मुकीबी नव्हते, मला आपलं चार माणसांत तोंड उघडलं की घशाला कोरड पडायची. अजूनबी पडते. आता तुमच्यापुढं बोलतेय ते तुमी मान खाली घालून लिहिताय म्हणून.

मग भांड्याच्या दुकानात लागले. दुकान अण्णांचं. अण्णा सातारा जिल्ह्यातले, खटावकडचे, फौजेतनं हवालदार होऊन आले आणि सासुरवाडीच्या गावात, तासगावात, दुकान टाकलं. आवाज असा, की गल्लीतनं कुत्रं चाललं असलं तर सावधान होऊन उभं राहील. त्यांची आई आक्का, ती दुकानाच्या दारात खुर्ची टाकून बसायची, गिऱ्हाइकाला भांड्याआधी त्याचं गाव-गोत इचारायची. माझं काम पाठीमागं, भांड्याला पॉलिश करायचं. काळे हात, काळं तोंड, आणि कोणाशी बोलायला नको. मला बरं होतं.

तुमाला म्हाईत हाय, आपल्याकडं भांडं घेतलं की त्यावर नाव घातल्याबिगर ते दुकानातनं हलत न्हाई. लग्नाकार्याला भांडी सगळ्या गल्लीची गोळा होतात, कार्य उरकलं की ज्याची त्याला जायला पाहिजेत. बिननावाचं भांडं म्हणजे मोकाट मांजर, ज्याच्या घरात दूध त्याच्या घरात शिरणार. नाव घालणारा आधी एक म्हातारा होता, तो गेला, मग एक दिवस अण्णांनी मला हाक मारली, हौसा, तू पिशव्यांवर लिहितीस ते बघितलंय मी, हातात घे हे. इलेक्ट्रिकची पेन होती, हातात घेतली की मुंग्या आल्यासारखा हात थरथरतो. मला काय वाटलं सांगू, हे बी मेंढरूच. थांबत न्हाई. एका दमात नाव घातलं. आक्का म्हणाली, अगं बया, छापल्यासारखं.

मशीन आलं ते नंतर. कुपवाडला एक वर्कशॉप बंद पडलं, तिथं दारावरच्या पाट्या कोरायचं मशीन होतं, त्याच्याबरोबर त्याचा कॉम्प्युटर. अण्णांनी दोन्ही उचलून आणलं. वर्कशॉपातले रफिकभाई ते मशीन चालवायचे, तेच जोडून द्यायला आले. त्यांचं आता कुपवाडलाच कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान हाय. लय शांत माणूस. मी बोलत न्हाई हे त्यांना पयल्या दिवशीच कळलं, तर त्यांनी मला काय इचारलंच न्हाई, नुसतं करून दाखवायचे आणि खुर्ची सोडून बाजूला उभं राहायचे. त्यात मराठी अक्षरं नव्हती. ती मी काढली. माउस धरून एकेक अक्षर, क पासून ज्ञ पर्यंत, काना, मात्रा, जोडाक्षरं, सगळी एका रेघंत, सुई न उचलता. बेदाणा निवडावा तशी निवडली, जे अक्षर पसंत न्हाई ते टाकून परत. रफिकभाई म्हणाले, ही अक्षरं पेनड्राइव्हमध्ये बी ठेवा हौसाताई, डब्यात एक आणि फडताळात एक. ते ऐकलं म्हणून वाचले.

मग वर्षं गेली. मशीनपुढची खुर्ची माझी झाली. पलूस, विटा, कवठ्यापासनं माणसं यायची, नाव घालायचं तर तासगावातनंच म्हणायची. आणि त्या मशीनपुढं, ताई, मला कोणी बोल म्हणत न्हवतं. नाव कागदावर यायचं आणि भांड्यावर उतरायचं. माझं बोलणं तेच.

मागल्या दिवाळीनंतर पलूसकडच्या एका गावाची मोठी ऑर्डर आली. गावकीची भांडी. डेगा, पराती, बादल्या, ओगराळी, अख्ख्या गावाचं जेवण उठंल एवढी. चैत्रातल्या जत्रंला ती काढायची होती, आणि प्रत्येक भांड्यावर देणाऱ्याचं नाव, कोणाच्या आईच्या स्मरणार्थ, कोणाच्या बापाच्या. त्या गावचे तात्या आले होते, पंचांपैकी, अण्णांना म्हणाले, हवालदार, भांडी कुठंबी मिळत्यात, आमी अक्षरासाठी आलोय. अण्णांनी शब्द दिला. आणि अर्धी भांडी व्हायच्या आधीच कॉम्प्युटरनं आतनं टकटक आवाज काढला, पडदा काळा झाला, खेळ खलास.

रफिकभाई आले, बघितलं, म्हणाले डिस्क गेली, डिस्क बदलता येईल, पण आतली सिस्टीम परत घालावी लागंल. जुनी सीडी वर्कशॉपच्या सामानाबरोबर कवाच गेली होती. त्यांनी दुसरी डिस्क बसवली आणि नव्या सिस्टीमची तयार सीडी आणली. ती घालायला लावली तर काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली आणि बंद. मी त्यांच्याकडं बघितलं. ते म्हणाले, हौसाताई, नवी सिस्टीम म्हणतीय ह्याचा प्रोसेसर जुन्या पिढीतला हाय, मी ह्याच्यात घर करणार न्हाई. प्रत्येक सिस्टीमच्या आत एक कारभारी असतो, त्याला कर्नल म्हणतात, सगळ्या भागांना कामाला तोच लावतो. आता नवे कर्नल असे येतात की जुन्या भागांना ओळखच देत न्हाईत.

अण्णा पाठीमागं उभे होते. म्हणाले, आयुष्य फौजेत गेलं माझं, कर्नल हवालदाराला कवा ओळख देतो का रे रफिक.

मग नवा कॉम्प्युटर लावा म्हणाले अण्णा. पण मशीनची केबल जुन्या तऱ्हेची, तिचं ते रुंद तोंड नव्या कॉम्प्युटरात शिरायला जागाच न्हाई. रफिकभाईंनी मधी एक जोडवायर लावून नवा कॉम्प्युटर जोडून बघितला. काय सांगू तुमाला, सुई तोतरी झाली. क काढायला गेली तर तीन ठिकाणी थांबली, परातीवर क न्हवे, कोंबडीनं उकरल्यागत झालं. म्हणजे जुना कॉम्प्युटरच जगवायचा, दुसरी वाट न्हाई. आणि त्याच्यासाठी जुन्या कर्नलची सिस्टीम शोधायची.

ती रफिकभाईंनी शोधली. दुकानात बसून इंटरनेटवर कुठनं कुठनं हुडकून पेनड्राइव्हमध्ये घालून आणली. तर कॉम्प्युटर पेनड्राइव्हवरनं चालूच होईना. चालू असताना पेनड्राइव्ह त्याला कळायचा, माझी अक्षरं रोज त्यातच तर जायची, पण झोपेतनं उठवायला त्याला सीडीच पाहिजे. म्हाताऱ्याला उठल्या उठल्या चहाच लागावा, तसलं. आणि कोरी सीडी आता मिळती कुठं? तासगावातली दुकानं झाली, सांगलीतली झाली, दुकानदार हसायचे, म्हणायचे मावशी, कॅसेट बी देऊ का. शेवटी आमच्या ह्यांना सुचलं. लग्नाचं शूटिंग करणारा एकजण बेदाण्याच्या शेडशेजारी राहतो, पूर्वी तो लग्नं सीडीवर घालून द्यायचा. हे सायकल मारत गेले आणि कोऱ्या सीड्यांचा अख्खा डबा घेऊन आले. म्हणाले, त्यानं फुकटच दिल्या, वर म्हणाला घेऊन जा, कावळं हाकलायला डाळिंबीच्या बागंत बांधणार होतो.

सीडी झाली. घातली. चालू झालं. पडद्यावर पट्टी सरकायला लागली, मी पदराचं टोक तोंडात धरून बसले. अर्ध्यावर गेली आणि थांबली. परत केलं, आणखी थोडी पुढं जाऊन थांबली. परत केलं, तर सुरवातीलाच थांबली. दुसरी सीडी केली, तेच. रफिकभाईंच्या दुकानात दुसरी कामं पडली होती तरी तो माणूस येत राहिला. गिऱ्हाइकं दारातनं डोकावून जायची, आक्का त्यांना सांगायची, आजारी हाय आमचं मशीन.

अण्णांचा धीर सुटला. जत्रा तोंडावर आलेली, शब्द दिलेला. म्हणाले, कर्नल रिटायर झाला. सांगलीला लेझरवाल्याकडं भांडी पाठवतो, काय अक्षर येईल ते येईल, आणि उद्या टेम्पो बोलावलाय, हे भंगारात देऊन टाकू, तिथं नॉनस्टिकची मांडणी करतो. आणि मला म्हणाले, रागानं न्हवे, नीटच म्हणाले, हौसा, तू आपलं परत पाठीमागं पॉलिशला बस. इलेक्ट्रिकची पेन आता माझ्या मनगटाला सोसत न्हाई हे त्यांना ठावं होतं. मी मान हलवली. माझी मान लवकर हलती, तोंड हलत न्हाई.

घरी जाऊन भाकरी थापताना विचार करत होते. नाव चुकतं कसं? मी ते लय बघितलंय. अक्षरातच खोट असली तर नाव दरवेळी त्याच जागी चुकतं. आणि आज इथं, उद्या तिथं चुकलं, तर अक्षर बरोबर असतं, भांडं ढिलं धरलेलं असतं. मग हे मशीन दरवेळी वेगळ्या जागी का अडतंय? म्हाताऱ्या प्रोसेसरचा दोष असता तर एकाच जागी अडायला पाहिजे. तव्यावरची भाकरी करपली. हे म्हणाले, काय झालं. मी म्हणलं, कायतरी ढिलं हाय.

सकाळी दुकानात गेले तर टेम्पो दारात. ड्रायव्हरनं केबल काढायला हात घातला. आणि मी ओरडले. माझं मलाच कळलं न्हाई. हात काढ म्हणलं त्याच्यावर. दारातली आक्का खुर्चीतनं उठली. अण्णा म्हणाले, काय म्हणालीस? मी म्हणलं, टेम्पो थांबवा अण्णा. घशाला कोरड, पण एकदा पोतं उसवलं की थांबतंय होय. म्हणलं, शब्द तुमी दिला पण अक्षर माझं सांगून दिलाय, तर माझं ऐकायला पाहिजे. एकाच जागी अडत असतं तर मी सोताच उचलून टेम्पोत ठेवलं असतं. हे जागा बदलून अडतंय. कायतरी ढिलं हाय न्हाईतर घाण हाय. रफिकभाईंनी आत बघितल्याबिगर मी हे हलू देणार न्हाई.

टेम्पोवाला म्हणाला, अण्णा, ही बाई बोलती? तुमी तर मुकी म्हणून सांगितलं होतं. अण्णा त्याच्यावर कावले, ए, कोण म्हणालं मुकी, चहा पी आणि गप बस.

आणि एवढ्यात रफिकभाईंची गाडी आली. हातात पेचकस. त्यांच्याबी डोक्यात रात्रीत तेच आलं होतं, म्हणाले, सिस्टीमचा न्हाई, मला सीडी वाचणाऱ्या खणाचाच संशय येतोय, वाचता वाचता दमतोय तो. मी अण्णांकडं बघितलं. अण्णांनी मिशी ओढली, म्हणाले, दोघांचा कट दिसतोय.

रफिकभाईंनी खण काढला, कागदावर उघडा केला. आणि आतनं काय पडलं म्हणता? तांदूळ. लाल तांदूळ, अक्षता. हळद. कुंकू, वाळून लाकडागत झालेलं. झेंडूची पाकळी. एक लवंग बी होती. रफिकभाई कागदाकडं बघत राहिले. म्हणाले, एवढे कॉम्प्युटर उघडले, कोणाच्या पोटात पूजेचं ताट सापडलं न्हवतं. हे आत घातलं कुणी?

मी, म्हणाली आक्का. ताठ मानेनं. खंडेनवमीला मी सगळ्या हत्यारांची पूजा करते, तराजूची, हातोड्याची, ह्याची. बाकीची हत्यारं आपली गप पडून असतात. ह्याचं बटण दाबलं की हे हात पुढं करतं. पूजेच्या दिवशी कोण हात पुढं करत असलं तर त्याला रिकाम्या हातानं धाडायचं? मी दरवर्षी त्याच्या हातावर घालते, आणि ते घेऊन आत जातं.

पयल्यांदा टेम्पोवाला हसला, मग अण्णा. अण्णा असे हसले की वरच्या फळीवरच्या चमच्यांचा किणकिणाट झाला. म्हणाले, आये, फौजेत तोफंची पूजा करतात, पण नारळ नळीत कोंबत न्हाईत. आक्का म्हणाली, तुमची तोफ हात पुढं करत न्हाई म्हणून. आणि त्याला भोवलं न्हाई इतकी वर्षं, आताच कसं भोवलं? रफिकभाई म्हणाले, इतकी वर्षं त्या खणाला काम कुठं होतं आक्का, तो नुसता प्रसाद खाऊन बसून होता, आता पयल्यांदा कामाला लावला. आक्काला ते पटलं. म्हणाली, मग बरोबर, बसून खाल्लं की असंच होतं.

आत एक हरभऱ्याएवढी काच असते, सीडी तीच वाचते. तिच्यावर कुंकवाचा थर. रफिकभाईंनी कापसानं, स्पिरिट लावून, बाळाचे डोळे पुसावे तशी पुसली. ब्रशनं खण झाडला. बसवला. सीडी घातली. टेम्पोवाला गेला न्हाई, म्हणाला आता बघूनच जातो. पट्टी सरकायला लागली. अर्ध्यावर गेली, मी डोळे मिटले. आक्का म्हणाली, गेली गं पुढं. पाऊण झाली. भरली. आणि कॉम्प्युटर बंद होऊन आपल्या आपण चालू झाला, आणि पडद्यावर रंग आले.

एवढ्यावर झालं न्हाई. रफिकभाईंनी एक तपासणी लावली, म्हणाले सुईला हुकूम वेळेवर पोचतोय का बघू. पोचत न्हवता, मधीच उशीर व्हायचा. मग कॉम्प्युटर चालू होताना ज्या गोष्टी उगीच मधी मधी येतात त्यातल्या दोन-तीन त्यांनी बंद केल्या, आणि हुकूम घड्याळागत पोचायला लागला. मी पेनड्राइव्ह लावला. माझी अक्षरं उघडली, सगळीच्या सगळी, क पासून ज्ञ पर्यंत. एक परात शिकंज्यात धरली. सुई टेकली आणि न थांबता, न उचलता नाव पुरं केलं. अण्णांनी परातीवरनं बोट फिरवलं. टेम्पोवाल्याला म्हणाले, जा रं बाबा, इथं भंगार न्हाई.

मग काय, दिवस न्हाई बघितला. हे डबा घेऊन यायचे. आक्का प्रत्येक भांडं हातात घेऊन नाव वाचायची आणि ओळखीचं असलं तर त्या माणसाची आख्खी कुंडली सांगायची. जत्रंच्या आधी तात्या ट्रॅक्टर घेऊन आले, एकेक भांडं उलटं-सुलटं करून बघितलं, शेवटी डेगंवरचं एक नाव वाचलं, सोताच्या आईचं, आणि टोपी काढली. जाताना म्हणाले, जेवायला यायचं बाई, दोघांनीबी.

गेलो. आमी पंगतीत बसलो, मी खाली मान घालून. भात वाढायला परात आली. माझ्या शेजारी एक म्हातारी बसली होती, तिनं वाढप्याचा हात धरला, परातीच्या काठावरनं बोट फिरवत म्हणाली, ए पोरा, ह्याच्यावर कुणाचं नाव हाय, वाचून दाखव की, माझ्या लेकानं माझ्या सासूच्या नावानं एक दिलीया, कुठली ती कळंना. वाढप्याला घाई, म्हणाला आजी, भात गार होतोय. आणि मी तोंड वर केलं. म्हणलं, थांबा. आणि नाव वाचलं. मोठ्यानं वाचलं ताई, अख्ख्या पंगतीला ऐकू जाईल असं. ती तिच्या सासूचीच परात निघाली. म्हातारीनं दोन्ही हातांनी परात धरली, पाठीमागं पंगत खोळंबली. मग पलीकडनं एकजण म्हणाला, बाई, आमच्या बादलीवरचं वाचा. मग ओगराळ्यावरचं. मी वाचत गेले. आमचे हे माझ्याकडं बघत होते, त्यांचा घास हातातच राहिला होता.

आता बरं चाललंय. मशीन चालतंय, खुर्ची माझी हाय. रफिकभाई म्हणतात, जुन्या कॉम्प्युटरसाठी आता पुढं कोणी काय बनवणार न्हाई, हाय त्यावरच जितकं जगंल तितकं जगवायचं. त्यांनी त्या सीडीच्या प्रती करून दुकानात ठेवल्यात, कराडपासनं मिरजेपर्यंत कुठं जुनं मशीन अडलं की माणसं त्यांच्याकडं येतात. त्यांचं बघून मीबी शिकतेय, पडद्यावरची इंग्रजी ओळ अजून वाचता येत न्हाई, पण कुठली ओळ आली की कुठं हात घालायचा हे समजतं. एक दिवस हे मशीनबी थांबंल, माझाबी हात थांबंल. थांबू दे की. नावं तर घरोघरी गेली. ज्याच्या ज्याच्या घरात माझ्या अक्षरातलं भांडं हाय, त्याच्या चुलीवर ते कवा रिकामं चढू नये, एवढंच मागते. आणि कोणी इचारलं की ह्याच्यावर काय लिहिलंय, तर घरातल्या कुणीतरी ते मोठ्यानं वाचून दाखवावं.